चव्हाट्यावरचे संभाषण : बिनतारी संगणक-जाळ्यांविषयी काही गैरसमज



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'वायफाय' असे उत्तर दिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा उमटलेली आम्हास दिसली. ह्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय होतात. तेथे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या एका डबीची काय कथा? परंतु आम्ही आग्रह धरला. त्याचे कारण आमच्या शेजारी घडले. ज्यांच्या घरी घडले त्यांच्या परवानगीनेच ते सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. आयुष्यभर गणित शिकवलेला मनुष्य. हिशेबात पैची चूक व्हायची नाही. वायफायची ती डबी, म्हणजे राऊटर, सर रोज रात्री बंद करून लोखंडी कपाटात ठेवीत; कारण तिच्या लहरींनी नातवंडांच्या मेंदूस अपाय होतो अशी त्यांची खात्री होती. दिवसाही ती कपाटाच्या मागेच असे, म्हणजे 'किरण' अंगावर येऊ नयेत. मात्र त्याच राऊटरचा परवलीचा शब्द, जोडणी करून देणाऱ्या माणसाने ठेवला तोच होता : इमारतीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. पाहुण्यांना वारंवार सांगावा लागतो म्हणून तो दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहूनही ठेवलेला होता. पुढे नातीची एका शिष्यवृत्तीसाठी मुलाखत होती. ती घरबसल्या संगणकावरून द्यावयाची. मुलाखत ऐन मध्यावर तुटली. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने आदल्याच आठवड्यात नवा, मोठा राऊटर आणला होता. त्यांनीच आपले वायफाय 'ओढून घेतले', असा निष्कर्ष सरांनी काढला, आणि त्यावरून जे शब्द गेले त्यांनी तीस वर्षांचा शेजार मोडला.

ह्या एका घरात आम्हास सगळे गैरसमज एकत्र नांदताना दिसले. जेथे भय नको तेथे भय. जेथे सावधगिरी हवी तेथे बेफिकिरी. आणि जेथे कोणाचा दोष नाही तेथे शेजाऱ्यावर आरोप. तिन्हींचे मूळ आमच्या मते एकच आहे. आपण असे समजतो की पूर्वी जी तार होती तीच आता अदृश्य झाली आहे. तार आपली, आपल्या घरापुरती. वस्तुतः तार अदृश्य झालेली नाही, ती नाहीच. तिच्या जागी आहे ते चव्हाट्यावर, मोठ्याने, सर्वांच्या कानांदेखत चाललेले संभाषण. एवढी एक गोष्ट मनात ठसली की पुढले सारे उलगडत जाते.

प्रथम ह्या लहरी कोणत्या, ते पाहू. त्या नव्या नाहीत. जर्मनीत हर्ट्झ ह्याने १८८८ च्या सुमारास विद्युत्-चुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविल्या. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली. बोस ह्यांच्या लहरी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर लांबीच्या होत्या. आपल्या घरातील वायफाय मुख्यतः ज्या लहरी वापरते, त्या सेकंदास सुमारे २४० कोटी कंपनांच्या, म्हणजे साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असतात. दुसरा पट्टा सेकंदास ५०० कोटी कंपनांच्या वरचा. तेथे लहरीची लांबी पाच-सहा सेंटिमीटर. ह्या लहरींवर संगणकांनी कसे बोलावे ह्याचे पहिले नियम १९९७ साली ठरले. 'वायफाय' हे नाव १९९९ चे. त्याचा काही गहन शास्त्रीय अर्थ असावा असे पुष्कळांस वाटते; वास्तविक ते व्यापारी नामकरण करणाऱ्या एका कंपनीकडून बनवून घेतलेले, कानास गोड लागणारे नाव आहे.

आता पहिला गैरसमज. वायफाय म्हणजेच इंटरनेट, असे सर्रास समजले जाते. 'आज वायफाय येत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा दहांपैकी कितीतरी वेळा वायफाय ठणठणीत असते. घरातला नळ आणि गावातली जलवाहिनी ह्यांत जो फरक, तोच येथे. राऊटरपासून आपल्या फोनपर्यंतचा वीस-पंचवीस पावलांचा प्रवास तेवढा बिनतारी. तेथून पुढे भिंतीतून बाहेर जाणारी केबल, रस्त्याखालचे काचतंतू, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारा, हा सगळा पसारा तारेचाच आहे. मुख्य वाहिनीस पाणी नसेल तर नळ पितळेचा बसवून काय उपयोग? परीक्षा सोपी आहे. संगणक तारेने थेट राऊटरला जोडून पाहावा. तारेवरही गती मंदच असेल, तर दोष बाहेरचा. तारेवर गती चांगली आणि बिनतारी मंद, तर दोष घरातला. एवढे न पाहता माणसे नवा राऊटर विकत आणतात आणि मग दुकानदारास दूषणे देतात.

दुसरा गैरसमज फोनवरच्या त्या चढत्या रेघांचा. रेघा पूर्ण आहेत, मग गती का नाही? रेघा सांगतात ते इतकेच, की राऊटरचा आवाज आपल्या फोनला किती मोठ्याने ऐकू येतो. आता ही सभाच घ्या. ध्वनिक्षेपकामुळे आमचा आवाज मागच्या रांगेतही पूर्ण रेघांनी पोहोचत आहे. पण मागच्या रांगेतल्या सद्गृहस्थांनी प्रश्न विचारला तर तो आम्हास ऐकू येईल काय? फोनचा आवाज राऊटरपेक्षा बहुधा लहान असतो, आणि संभाषणास दोन्ही बाजू लागतात. शिवाय सभेत चौघे एकदम बोलू लागले तर, आवाज कितीही मोठा असो, कोणाचेच काही कळत नाही.

ही शेवटची अडचण फार जुनी आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे बिनतारी लहरींनी एका मध्यवर्ती संगणकास जोडली. जाळ्याचे नाव 'अलोहा'. नियम अगदी साधा : ज्यास बोलायचे त्याने बोलावे, टक्कर झाली, पोच आली नाही, तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे. हिशेब केल्यावर असे दिसले की ह्या पद्धतीत वेळेचा फार तर १८ टक्के भाग उपयोगी पडतो. बाकीचा टकरींत आणि वाट पाहण्यात जातो. आजचे वायफाय अधिक शहाणे आहे. ते आधी कान देते. कोणी बोलत असेल तर थांबते. शांत झाल्यावर मनाशी लहानसा आकडा धरून तितके क्षण मोजते, आणि मगच तोंड उघडते. प्रत्येकाचा आकडा वेगळा असल्याने टकरी कमी होतात. स्वतः बोलत असताना त्याला त्याच पट्ट्यावर दुसऱ्याचे ऐकू येत नाही, कारण आपल्याच आवाजात सारे बुडते. म्हणून प्रत्येक वाक्यास समोरून 'पोचले' असा होकार यावा लागतो. होकार आला नाही, की तेच वाक्य पुन्हा.

म्हणजे एका पट्ट्यावर एका क्षणी एकच वक्ता. आणि हा नियम आपल्या घराची भिंत ओळखीत नाही. २४० कोटी कंपनांच्या त्या पट्ट्यात १ ते १३ असे क्रमांक दिलेले असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांस न छेडणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच. इमारतीत वीस बिऱ्हाडे आणि वीस राऊटर असतील, तर वीस कीर्तने तीन मंडपांत चालू आहेत असे समजावे. वरच्या बिऱ्हाडाने सरांचे वायफाय 'ओढून घेतले' नव्हते; दोघे एकाच मंडपात बोलत होते, इतकेच. ही हवा कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. आपल्या देशात सरकारने कमी शक्तीच्या साधनांसाठी हा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त केला, म्हणूनच तो सर्वांचा आहे. आणि जे सर्वांचे, तेथे पाळी आलीच. दोन्ही घरांनी वेगवेगळे क्रमांक घेतले असते, अथवा ५०० कोटींच्या पट्ट्यावर गेले असते, तर बराचसा प्रश्न मिटला असता. त्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे; मात्र त्या लहरी भिंती ओलांडताना अधिक थकतात, हेही ध्यानात ठेवावे.

राहिले ते लोखंडी कपाट. धातूचा पत्रा ह्या लहरींना जवळजवळ संपूर्ण परतवून लावतो. पाण्याची टाकी त्यांना पिऊन टाकते. जाड दगडी भिंत अर्धमेल्या करते. राऊटर कपाटामागे ठेवणे म्हणजे वक्त्यास माजघरात कोंडून बाहेर व्याख्यान ऐकू येण्याची अपेक्षा करणे होय. नातीची मुलाखत तुटण्यास शेजाऱ्याच्या राऊटरपेक्षा हे कपाट अधिक कारण झाले, असे आम्हास वाटते.

पण कपाट आले कोठून? भयातून. म्हणून तिसऱ्या गैरसमजाकडे वळतो. ह्या लहरी मायक्रोवेव्ह भट्टीच्याच पट्ट्यातल्या आहेत, हे खरे. भट्टी अन्न शिजवते, तर राऊटर मेंदू शिजवील, असा तर्क त्यावरून निघतो. पाण्याचा कण नेमका ह्याच कंपनांना थरारतो, अशी पुस्तीही त्यास जोडतात. ती चूक आहे. पाणी ह्या लहरी शोषते, पण एका विशिष्ट कंपनसंख्येला नव्हे, तर फार रुंद पट्ट्यावर; आणि नेहमीच्या तपमानास त्याचे सर्वांत अधिक शोषण ह्याच्या जवळजवळ आठपट कंपनांना होते. भट्टी शिजवते ती शक्तीच्या जोरावर. सातशे ते हजार वॅट ऊर्जा पोलादी पेटीत कोंडलेली असते. घरातला राऊटर साधारण एक दशांश वॅट शक्ती चारी दिशांस उधळतो. दोन मीटरवर बसलेल्या माणसापाशी दर चौरस मीटरला वॅटचा सुमारे दोन सहस्रांश भाग पोहोचतो. आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य जनतेसाठी घातलेली मर्यादा दर चौरस मीटरला १० वॅटची आहे. म्हणजे आपण त्या मर्यादेच्या पाचहजाराव्या भागात बसलेलो असतो. शिवाय ह्या लहरीच्या एका कणाची ऊर्जा समईच्या उजेडाच्या कणापेक्षा सुमारे दोन लाख पटींनी कमी. क्ष-किरण शरीरातील रेणू मोडतात तसे मोडण्याची ताकद तिच्यात नाही.

आम्ही एकच बाजू सांगतो असे कोणी म्हणू नये, म्हणून दुसरीही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ-लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' ह्या वर्गात घातले, हे सत्य आहे. त्यास आधार होता तो मुख्यतः कानाशी धरलेल्या मोबाइल फोनविषयीच्या मर्यादित पुराव्याचा. त्याच वर्गात आशियातील काही परंपरागत पद्धतींनी मुरविलेल्या भाज्याही आहेत. 'अपाय होतो असे सिद्ध झाले' असा त्या वर्गाचा अर्थ नाही. 'शंका पुरती फिटलेली नाही' असा आहे. आणि बिनतारी जाळ्यांच्या क्षीण लहरींनी आरोग्यास अपाय होतो असा पटण्याजोगा पुरावा नाही, असे त्याच आरोग्य संघटनेने २००६ साली नमूद केले होते. रात्री राऊटर बंद करणाऱ्यास आम्ही अडवीत नाही, वीज वाचेल. पण त्याने आपण मोठे संकट टाळले असे समजून जे खरे संकट आहे तेथे डोळे मिटू नयेत.

खरे संकट कोणते? तर सरांच्या दाराबाहेरचा तो खडूचा शब्द. आपल्या महाराष्ट्रातली, प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे एक धमकीचे पत्र ई-मेलने आले. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचला. तेथे एक परदेशी गृहस्थ राहत होता. त्याच्या घरचे वायफाय उघडे होते. पत्र दुसऱ्याच कोणी त्यावरून धाडले होते. पण चौकशीचा ससेमिरा प्रथम लागला तो घरमालकाच्या पाठीमागे. पुढे मुंबई पोलिसांनी उघड्या जाळ्यांची तपासणी करण्याची मोहीमही काढली. आपले दार उघडे टाकले तर चोर आपलेच नेईल असे नाही. तो आपल्या ओट्यावर उभा राहून दुसऱ्याचा घात करील, आणि पावले आपल्या अंगणात उमटतील.

'पण आमचे वायफाय घराबाहेर जातच नाही', हा येथला ठरलेला बचाव. फोनचा कान लहान म्हणून फोनला ते बाहेर ऐकू येत नाही. मोठ्या कानास येते. व्हेनेझुएलात २००७ साली थोडे फेरफार केलेल्या वायफाय-साधनांनी, मोठे अँटेना डोंगरमाथ्यांवर लावून, ३८२ किलोमीटरवर संभाषण करून दाखविले. समोरच्या रस्त्यावरील मोटारीत बसून ऐकणे त्या मानाने अगदीच सोपे.

दुसरी युक्ती नाव लपविण्याची. जाळ्याचे नाव यादीत दिसू नये अशी तजवीज करून पुष्कळ लोक निश्चिंत होतात. परंतु ज्या क्षणी आपला फोन त्या जाळ्यास जोडला जातो, त्या क्षणी ते नाव उघड्या शब्दांत हवेत उच्चारले जाते. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, नाव लपविलेले असल्यामुळे फोन जाईल तेथे, बाजारात, बसस्थानकावर, 'अमुक आहेस का रे?' असे विचारीत हिंडू शकतो. लपविण्याच्या खटाटोपातच दवंडी! ठरावीक यंत्रांच्या क्रमांकांनाच प्रवेश देण्याची युक्तीही अशीच लंगडी. कारण तो क्रमांक प्रत्येक पत्राच्या पाकिटावर उघडा लिहिलेला असतो, आणि कोणासही आपल्या पाकिटावर उतरवून घेता येतो.

मग कुलूप कोणते? पत्रातला मजकूरच सांकेतिक लिपीत लिहिणे, हे. पण कुलपाचीही जात पाहावी लागते. पहिले कुलूप 'वेप' नावाचे. त्याचा कमकुवतपणा २००१ साली तज्ज्ञांनी जगापुढे मांडला, आणि आज ते काही मिनिटांत उघडते. त्याच्यानंतरचे 'डब्ल्यूपीए-दोन' २००४ साली आले; त्यातही २०१७ साली बेल्जियममधील एका संशोधकाने फट दाखविली, आणि उत्पादकांनी दुरुस्त्या पाठविल्या. त्या दुरुस्त्या आपल्या राऊटरमध्ये उतरल्या आहेत काय, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? २०१८ सालापासून 'डब्ल्यूपीए-तीन' हे अधिक पक्के कुलूप मिळू लागले आहे. मात्र कोणतेही कुलूप, किल्ली दारावरच टांगलेली असेल तर, व्यर्थ. उपाहारगृहाच्या भिंतीवर लिहिलेला शब्द जेथे सर्वांस ठाऊक असतो, तेथे दुसऱ्या जातीचे कुलूप असल्यास शेजारच्या टेबलावरील जाणकार आपली पत्रे उलगडू शकतो.

ह्याच्या उलट टोकाचाही एक गैरसमज आहे : बाहेरच्या वायफायला हात लावला की बँकेतले पैसे गेलेच! २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर फुकट वायफाय सुरू झाले आणि मग देशभरच्या स्थानकांवर पसरले. कित्येक विद्यार्थ्यांनी त्यावर अभ्यास केला. बँकेचे संकेतस्थळ आता आपला मजकूर स्वतःच सांकेतिक लिपीत बंद करते. जाळे उघडे असले तरी आतले पाकीट मोहोरबंद असते. तेव्हा धोका आहे तो चोरून ऐकण्याचा कमी आणि तोतयेगिरीचा अधिक. स्थानकाच्या जाळ्याचे नाव कोणीही आपल्या राऊटरला देऊ शकतो. नाव म्हणजे ओळख नव्हे. तसेच पत्त्याशेजारी दिसणारे ते चिमुकले कुलूप म्हणते की 'तुमचे बोलणे मधल्या कोणास कळणार नाही'. समोरचा मनुष्य प्रामाणिक आहे, असे ते म्हणत नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी विचारून घेणाऱ्यास तर लहरी चोरण्याची गरजच नसते. आपणच तो त्याच्या हातावर ठेवतो.

चव्हाट्यावर बोलताना शहाणा मनुष्य तीन गोष्टी न सांगता करतो. तो पाळीने बोलतो. गुपित असेल ते खुणेच्या भाषेत बोलतो. आणि समोरचा कोण ह्याची खात्री केल्यावाचून पैशाची गोष्ट काढीत नाही. ह्या तीन गोष्टी घरी करावयाच्या म्हणजे राऊटर घराच्या मध्यावर, उघड्या उंच जागी ठेवावा; शेजाऱ्यास विचारून क्रमांक वाटून घ्यावेत; परवलीचा शब्द लांब, आपल्यालाच सुचेल असा करावा; पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवण्याची सोय बहुतेक राऊटरांत असते, ती वापरावी; आणि दुरुस्त्या वेळच्या वेळी उतरवाव्यात. एका दुपारचे काम आहे.

सरांच्या घरी आम्ही ती दुपार घालविली. राऊटर आता दिवाणखान्यात फडताळावर आहे, फळा पुसला आहे, शब्द बदलला आहे. शिष्यवृत्तीवाल्यांनी नातीस पुन्हा संधी दिली; ती मुलाखत पूर्ण झाली. फक्त वरच्या बिऱ्हाडाशी क्रमांक वाटून घेण्याचे काम राहिले आहे, कारण त्यासाठी एक जिना चढावा लागतो आणि एक वाक्य बोलावे लागते. ते सर करतील, असा शब्द त्यांनी आम्हास दिला आहे. ते आज मागच्या रांगेत बसले आहेत. वरच्या मजल्यावरची मंडळीही, आम्हास दिसते त्याप्रमाणे, आलेली आहेत. सभा आता संपेलच. घरी जाण्याची वाट दोघांचीही एकच आहे.